नाव ज्याचं, उच्चार कुणाचा?

हैदराबादेत आमचा एक लहानसा वाचनगट आहे. मराठी, तेलुगू, उर्दू, हिंदी अशा वेगवेगळ्या घरांतले आठ-दहा जण महिन्यातून एकदा जमतो आणि एखाद्या पुस्तकावर बोलतो. काही वर्षांपूर्वी आम्ही 1903 साली प्रसिद्ध झालेलं 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' हे पुस्तक घेतलं होतं. विषय मांडायचं काम एम.ए. करणाऱ्या एका मुलाकडे होतं. नांदेडकडचा, अबोल, पण तयारी करून आलेला. त्याने सुरुवात केली, "डू बॉइस असं म्हणतात की..." आणि मी त्याला मध्येच थांबवलं.

"बॉइस नव्हे. आडनाव फ्रेंच आहे. 'द्यु ब्वा' म्हणायचं. शेवटचा एस मुका असतो."

तरुणपणी दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गात मी फ्रेंच शिकलो होतो. त्या दोन वर्षांचा उपयोग करायची संधी क्वचित मिळते. मुलगा "बरं सर" म्हणाला आणि पुढे बोलत राहिला. पण त्यानंतरच्या तासाभरात त्याने ते नाव एकदाही घेतलं नाही. जिथे नाव यायला हवं तिथे तो "लेखक" म्हणत होता. माझ्या ते लक्षात आलं, आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

चूक माझी होती, हे नंतर कळलं. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी आपल्या नावाच्या उच्चाराबद्दल काही संदिग्धता ठेवलेलीच नाही. 1939 सालच्या एका पत्रात त्यांनी लिहून ठेवलं आहे की आपलं नाव सरळ इंग्रजी पद्धतीने म्हणावं. पहिल्या भागातला स्वर 'सू' या नावातल्यासारखा, दुसऱ्यातला 'व्हॉइस' या शब्दातल्यासारखा, आणि आघात दुसऱ्या भागावर. त्यांच्या हयातीत लोक सतत हे नाव 'दुरुस्त' करत असत, म्हणून त्यांना ते सांगावं लागत होतं. त्या दुरुस्ती करणाऱ्यांच्या रांगेत, पुष्कळ उशिरा का होईना, मीही जाऊन उभा राहिलो होतो.

चुकीची लाज थोड्या दिवसांत ओसरली, पण एक प्रश्न उरला. माझं फ्रेंच चुकीचं नव्हतं. आजच्या पॅरिसमध्ये हे आडनाव मी म्हणालो तसंच म्हणतात. मग मी चुकलो तो नेमका कशात? एखाद्या नावाचा बरोबर उच्चार कोणता, हे कशावरून ठरतं? ज्या भाषेत ते जन्मलं तिच्यावरून, की ज्याचं ते आहे त्याच्यावरून?

आधी अर्थ पाहू. 'द्यु' म्हणजे 'चा' किंवा 'कडचा', आणि 'ब्वा' म्हणजे रान, झाडी. इंग्रजीतल्या 'बुश' शब्दाचा हा दूरचा नातेवाईक. तेव्हा या आडनावाचा मराठीत अर्थ सांगायचा तर 'रानाकडचा'. गावाच्या नावाला 'कर' जोडून होणारी आपली आडनावं अशीच जन्मली. एखाद्या गावात तीन पिएर असले की त्यातला रानाच्या कडेला राहणारा तो 'रानाकडचा पिएर', इतका साधा हिशेब. पुढे त्याची मुलं शहरात गेली, नातू समुद्र ओलांडून गेले, तरी आडनाव रानाकडचंच राहिलं.

माझ्या दुरुस्तीमागचा युक्तिवाद या अर्थावर उभा होता. शब्दाला अर्थ आहे, तो अर्थ एका भाषेत आहे, म्हणून उच्चार त्या भाषेतला हवा. ऐकायला हे ठीक वाटतं. पण नाव हे शब्दासारखं चालत नाही. जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1843 साली आपल्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात डार्टमथ या गावाचं उदाहरण दिलं होतं. डार्ट नदीच्या मुखाशी आहे म्हणून गावाचं नाव डार्टमथ. पण उद्या नदीचं मुख सरकलं तर गावाचं नाव बदलायची गरज पडणार नाही. नाव वस्तू दाखवतं, तिचं वर्णन करत नाही. आपल्याला हे समजायला मिलची गरज नाही. काळे आडनावाचा गोरा माणूस आणि गोरे आडनावाचा सावळा माणूस आपण रोज पाहतो आणि कुणी कुणाला हटकत नाही. नाव झालं की अर्थ मागे पडतो. मग ज्या अर्थाचा आता उपयोग उरलेला नाही, त्याच्या भाषेने उच्चारावर हक्क का सांगावा?

याहून मोठा धक्का मला फ्रेंच भाषेच्या इतिहासाने दिला. ज्या 'ब्वा'ला मी मूळ समजत होतो, ते मूळ नाहीच. बाराव्या शतकाच्या आसपासच्या जुन्या फ्रेंचमध्ये या जोडस्वराचा उच्चार 'ऑय'च्या जवळचा होता आणि शेवटचा एसही म्हटला जात असे. तोच ध्वनी इंग्रजीने उसना घेतला आणि जपून ठेवला. 'पॉइंट', 'जॉइन', 'चॉइस' हे सगळे फ्रेंचमधून आलेले शब्द त्याच्या खुणा आहेत. डू बॉइस यांनी आपला उच्चार समजावताना घेतलेला 'व्हॉइस' हा शब्दही फ्रेंचमधूनच आलेला. त्याच्या आजच्या फ्रेंच रूपाचा उच्चार 'व्वा' होतो. म्हणजे फ्रान्समध्ये आवाज बदलला आणि इंग्लंडमध्ये राहिला.

आणि फ्रान्समध्ये तो कसा बदलला? 'ऑय'चा पुढे 'वे' झाला. सतराव्या शतकातल्या दरबारात राजाला 'र्वा' नव्हे, 'र्वे' म्हणत. 'वा' हा पॅरिसच्या सामान्य लोकांचा उच्चार होता, शिष्टांनी नाक मुरडावं असा. 1789 च्या क्रांतीनंतर दरबार गेला, दरबाराचा उच्चार गेला आणि रस्त्यावरचा 'वा' प्रमाण झाला. ज्या उच्चाराच्या जोरावर मी एका मुलाला गप्प केलं, तो स्वतः एकेकाळी गावंढळ समजला जात होता. 'मूळ' म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो, ते बहुतेक वेळा वाटेवरचं एक ठाणं असतं.

आता समुद्राच्या पलीकडे, इंग्लंडमध्ये पाहा. 1066 नंतर नॉर्मन सरदारांबरोबर कितीतरी फ्रेंच नावं तिथे गेली. 'सुंदर शेत' अशा अर्थाचं आडनाव आहे. फ्रेंच त्याला 'बोशाँ' म्हणतील, इंग्रज त्याला 'बीचम' म्हणतात. लेस्टरशरमध्ये एक प्रसिद्ध वाडा आहे, 'सुंदर देखावा' अशा अर्थाच्या नावाचा. फ्रेंच अक्षरं तशीच, उच्चार मात्र 'बीव्हर'. हॅम्पशरमधल्या 'सुंदर जागे'चं 'ब्यूली' झालं. या नावांच्या फ्रेंच उच्चाराचा तिथे मागमूस नाही. तरी कुणी पाहुणा इंग्रज उमरावाला म्हणणार नाही की साहेब, तुम्ही स्वतःचं नाव चुकीचं घेता. उलट जो 'बोशाँ' म्हणेल तोच अडाणी ठरेल. 'बीचम' हा बरोबर उच्चार आहे, कारण बीचम घराणं तसं म्हणतं.

मग हाच न्याय डू बॉइस यांना का मिळाला नाही? इंग्रज सरदाराच्या बाबतीत नावाचा बदललेला आवाज परंपरा ठरतो. मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या गावात 1868 साली जन्मलेल्या कृष्णवर्णीय माणसाच्या बाबतीत तोच बदल अज्ञान ठरतो. दुरुस्ती करणाऱ्याच्या मनात असं काही नसतं, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. त्याला फक्त आपलं ज्ञान दाखवायचं असतं. पण ते कुणापुढे दाखवावं आणि कुणापुढे आवरावं, याचं भान त्याच्या नकळत समाजानेच त्याला दिलेलं असतं. एखाद्या जज्जाने किंवा बड्या प्राध्यापकाने 'बॉइस' म्हटलं असतं, तर मी घरी जाऊन शब्दकोश उघडला असता. नांदेडच्या मुलाने म्हटलं, म्हणून जागच्या जागी बोललो.

या आडनावाची त्या घरातली हकिगतही ध्यानात घ्यायला हवी. फ्रान्समधल्या छळाला कंटाळून बाहेर पडलेल्या प्रॉटेस्टंटांना ह्यूगनो म्हणत. त्यांतली काही कुटुंबं न्यूयॉर्कच्या वसाहतीत आली आणि 1678 साली न्यू पॉल्ट्झ हे गाव वसवणाऱ्यांत एक द्यु ब्वा होता. डू बॉइस यांनी आपलं आडनाव याच वंशापर्यंत नेलं आहे. या वंशातला जेम्स नावाचा गोरा गृहस्थ बहामा बेटांवर मळेवाला झाला. तिथे एका कृष्णवर्णीय स्त्रीपासून त्याला मुलगे झाले. त्यांतल्या दोघांना त्याने अमेरिकेत आणून कनेक्टिकटमधल्या शाळेत घातलं. पण तो अचानक वारला आणि त्याच्या गोऱ्या नातेवाइकांनी त्या मुलांकडे पाठ फिरवली. शाळा सुटली. अलेक्झांडर या मुलाला चांभाराच्या हाताखाली उमेदवारीला ठेवण्यात आलं. हा अलेक्झांडर म्हणजे डू बॉइस यांचे आजोबा. बापाच्या घरातून त्याला शेवटी एकच गोष्ट मिळाली, ती म्हणजे आडनाव. तेही कुणी दिलं नाही, त्याने ठेवलं. पुढे तो काही काळ हैतीत राहिला. तिथे जन्मलेला त्याचा मुलगा आल्फ्रेड मॅसॅच्युसेट्सला आला, त्याने लग्न केलं आणि मूल दोनेक वर्षांचं असताना घर सोडून गेला. म्हणजे नातवालाही बापाकडून आडनावापलीकडे फारसं काही मिळालं नाही.

इथे माझ्या मनात एक सोपं उत्तर तयार झालं होतं. मला वाटलं, ज्या गोऱ्या घराण्याने नाकारलं त्याचा उच्चारही नको, म्हणून डू बॉइस यांनी फ्रेंच आवाज टाकला असणार. पण ते उत्तर टिकत नाही. 1920 साली आलेल्या 'डार्कवॉटर' या पुस्तकात आपल्या रक्ताचा हिशेब मांडताना ते आफ्रिकी प्रवाहाबरोबर थोड्या फ्रेंच आणि किंचित डच अंशाचा उल्लेख खुशीने करतात, आणि अँग्लो-सॅक्सन अंश नाही याबद्दल चक्क देवाचे आभार मानतात. म्हणजे फ्रेंचचा राग नव्हताच. राग असलाच तर इंग्रजांच्या वंशाभिमानाचा होता. फ्रेंच उच्चार त्यांना माहीत नव्हता असंही नाही. 1919 मध्ये त्यांनी पॅन-आफ्रिकन काँग्रेस भरवली ती पॅरिसमध्येच. फ्रेंच उच्चार घेतला असता तर तो त्यांच्या अभिमानाला शोभला असता आणि दिवाणखान्यांत त्याचं कौतुकही झालं असतं. तरी त्यांनी इंग्रजी पद्धतीचाच उच्चार सांगितला.

का, हे त्यांनी त्या पत्रात सांगितलेलं नाही, आणि त्यांच्या तोंडी कारण घालायचा मला अधिकार नाही. मला जे दिसतं ते इतकंच. ज्या गावात ते वाढले, त्या गावातल्या शाळेत, चर्चमध्ये, आईच्या माणसांत त्यांना ज्या आवाजाने हाक मारली जात होती, तो आवाज त्यांचा होता. आडनाव पणजोबाचं होतं, पण हाक जिवंत माणसांची होती. तिच्यासाठी पॅरिसहून परवानगी आणायचं त्यांना कारण दिसलं नाही.

याच आडनावाची एक काल्पनिक बाई पुष्कळांना माहीत असेल. टेनेसी विल्यम्स यांच्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' या 1947 सालच्या नाटकातली ब्लांश द्यु ब्वा. तीही आपलं घराणं ह्यूगनो असल्याचं सांगते. एका प्रसंगी ती आपल्या नावाचा अर्थ एका पुरुषाला उलगडून दाखवते. ब्लांश म्हणजे शुभ्र, ब्वा म्हणजे रान. म्हणून शुभ्र रान. तिचा उच्चारही फ्रेंच वळणाचा. बिचारीकडे तेव्हा दुसरं काही उरलेलं नाही. वाडा गेला आहे, जमीन गेली आहे, अब्रूही गेली आहे. त्या गेलेल्या वाड्याचं नाव 'बेल रेव्ह'. त्याचा अर्थ 'सुंदर स्वप्न' असा घ्यायचा, तर फ्रेंच व्याकरणाप्रमाणे लिंग चुकलेलं आहे. एकच आडनाव, पण त्याच्याशी नातं किती वेगळं! ब्लांश अर्थाला चिकटते, कारण तिला त्या अर्थाआड लपायचं आहे. डू बॉइस अर्थाबद्दल बोलत नाहीत. मी असा ऐकू येतो, एवढंच ते सांगतात.

तर मग नियम असा करायचा का, की ज्याचं नाव त्याचा शब्द अखेरचा? माझा कल त्याकडे आहे. पण दोन अडचणी दिसतात.

पहिली अशी की नावाचा प्रचलित आवाज कधीकधी मोडतोड करणाऱ्यानेच लादलेला असतो आणि धन्याला तो सवयीने स्वीकारावा लागतो. आपल्याकडच्या किती मराठी माणसांनी परप्रांतात 'ळ'वर पाणी सोडलं आहे! शाळेच्या दाखल्यावर 'गोळे'चं 'गोले' होतं, मग बँकेत, मग पोरांच्या तोंडीही. विचारलं तर ते म्हणतील, "चालतं हो, गोलेच म्हणा." ही निवड की थकवा? बाहेरून ओळखणं कठीण आहे. माल्कम एक्स यांनी तर घराण्याला मालकाकडून मिळालेलं आडनाव टाकलं आणि हरवलेल्या नावाच्या जागी नुसतं 'एक्स' हे अक्षर ठेवलं. डू बॉइस यांनी आडनाव ठेवलं आणि आवाज ठरवून दिला. दोन्ही उत्तरं धन्यानेच दिलेली आहेत, आणि म्हणून दोन्ही मान्य करायला हवीत. 'चालतं हो' हे मात्र उत्तर नव्हे. तिथे पुन्हा एकदा, जरा सवडीने विचारायला हवं.

दुसरी अडचण ग्वाल्हेरची. शिंद्यांच्या नावाचं इंग्रजांनी 'सिंदिया' केलं, ते हिंदीत 'सिंधिया' होऊन परत आलं, आणि आज ते घराणं हिंदीत स्वतःला सिंधियाच म्हणवतं. मराठी वर्तमानपत्रं मात्र न चुकता 'शिंदे' छापतात. वाचनगटात मी जे केलं तेच आम्ही मराठी माणसं इथे करतो का? मी यावर पुष्कळ विचार केला. मला वाटतं, फरक हेतूत आहे. नातेवाइकाने घरच्या नावाने हाक मारावी तसं आपण 'शिंदे' म्हणत असू, तर त्यात आपलेपणा आहे आणि मराठीत बोलताना मराठी रूप येणंही स्वाभाविक आहे. पण ग्वाल्हेरच्या माणसाला थांबवून 'सिंधिया चूक, शिंदे बरोबर' म्हणणं ही दुरुस्ती झाली. ती करताना आपण त्याच्या घराण्याची तिथे गेलेली दोन-अडीच शतकं पुसून टाकतो.

डू बॉइस यांचा मराठीशी एक खरा धागा आहे. 1946 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, कारण अस्पृश्यांच्या बाबतीत असंच पाऊल उचलावं असा त्यांचा विचार होता. डू बॉइस यांनी उत्तरही दिलं. त्या पत्रव्यवहारातलं दुसरं नावही असंच प्रवास केलेलं. गाव आंबडवे, त्यावरून शाळेच्या दप्तरात आंबडवेकर, आणि पुढे आंबेडकर. व्युत्पत्तीचा आग्रह धरणारा म्हणू शकेल की 'मूळ' नाव आंबडवेकर. त्याला कुणी विचारणारही नाही. ज्या नावाने त्या माणसाने आयुष्यभर सही केली आणि ज्या नावाने कोट्यवधी लोक त्यांची जयंती करतात, ते नाव खरं. 2018 साली उत्तर प्रदेश सरकारने सरकारी कागदपत्रांत 'अंबेडकर'ऐवजी 'भीमराव रामजी आंबेडकर' असं लिहायचा आदेश काढला, तेव्हा त्यामागच्या राजकारणावर पुष्कळ वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण नुसत्या उच्चारापुरता आधार योग्य होता. राज्यघटनेवर त्यांनी स्वतः सही कशी केली, तो.

एवढा विचार करून झाल्यावर मी पुढच्या एका बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं की त्या दिवशी मी चुकलो होतो, डू बॉइस हाच उच्चार बरोबर. मुलगा नेहमीप्रमाणे कडेला बसला होता. चहाच्या वेळी मी त्याला विचारलं, तुला हा उच्चार कुठून कळला होता? म्हणाला, "त्यांच्यावरचं एका अमेरिकन प्राध्यापकाचं व्याख्यान दोनदा ऐकलं होतं, सर. नाव चुकू नये म्हणून."

"मग त्या वेळी बोलला का नाहीस?"

"तुम्ही इतक्या खात्रीने म्हणालात. मला वाटलं, माझंच ऐकण्यात चुकलं असेल."

त्याने पुस्तक वाचलं होतं, नाव चुकू नये म्हणून व्याख्यान दोनदा ऐकलं होतं, आणि तरीही माझ्या एका वाक्यापुढे त्याने स्वतःच्या कानांवर अविश्वास दाखवला. नावाच्या उच्चाराचा प्रश्न भाषाशास्त्राचा आहे असं मला वाटत होतं. त्या दिवसापासून एखादं अनोळखी नाव समोर आलं, की आधी मी ते नाव असलेल्या माणसाला विचारतो. तो हयात नसेल तर त्याने काही लिहून ठेवलंय का ते शोधतो. फ्रेंच त्यानंतर.